काड्यांची कोडी की ६१७४?

सिडकोतल्या वहिनींचा प्रश्न: सातवीतल्या मुलाला सुट्टीत काड्यांची कोडी द्यावीत की आकड्यांची?

खर्च दोन्हीकडे नगण्य. काड्यांची गुलं तेवढी आधी मोडून टाका.

इंग्रजी आकड्यांत ६+४=४ मांडा आणि एकच काडी हलवायला सांगा. सहाचा शून्य होतो; नाहीतर अधिकची उभी काडी सहाला लावून ८−४=४. पोरं हरखतात, पण उत्तर कळलं की कोडं संपलं. रोज नवं शोधायचं काम तुमच्या गळ्यात.

६१७४ हा आकडा मात्र आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा. कुठलेही चार अंक घ्या, फक्त सगळे सारखे नकोत. त्यांच्यातून बनणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा. उत्तराच्या अंकांवर हेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ घेतले, तर ५४३२−२३४५=३०८७, ८७३०−०३७८=८३५२, ८५३२−२३५८=६१७४. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. गोची एकच: हातचा चुकला तरी गाडी बहुधा ६१७४ लाच पोचते, चूक कळत नाही. म्हणून प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत आहे का, ते बघायला लावा.

वजाबाकी कच्ची असेल किंवा मूल एकटंच बसणार असेल, तर ६१७४. गणिताचं नाव काढताच पळणाऱ्याला, किंवा चार भावंडं जमली असतील तेव्हा, काड्या.