ओट्यासाठी संगमरवर की क्वार्टझाइट?

पॉलिश केलेल्या दोन पांढऱ्या लाद्या शेजारी ठेवल्या, तर संगमरवर कोणता आणि क्वार्टझाइट कोणता हे भल्याभल्यांना नजरेने ओळखता येत नाही. दोन्ही रूपांतरित खडक. जमिनीत खोलवर, उष्णतेने आणि दाबाने मूळ खडक न वितळताच नव्याने स्फटिकला. तो मूळ खडक कोणता, यावर सगळं ठरतं.

संगमरवर आधी चुनखडक होता. त्यातलं खनिज, म्हणजे कॅल्साइट, नव्याने वाढून घट्ट गुंतलं, तरी राहिलं कॅल्साइटच: मोहस् श्रेणीवर (खनिजांचा कठीणपणा सांगणारी १ ते १० ची मोजपट्टी) कठीणपणा ३, आणि आम्लाशी वैर. लिंबाचा रस सांडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तेवढ्या जागेची झिलई जाते. 'सीलर लावा, काळजी मिटली' असं सांगतात, तिथेच लोक फसतात. सीलर डाग आत मुरू देत नाही, एवढंच. झिलई जाते तेव्हा डाग पडलेला नसतो, दगडच विरघळलेला असतो. तो पुन्हा घासून पॉलिश करणं मात्र सोपं.

क्वार्टझाइट मूळचा वालुकाश्म. त्यातले क्वार्ट्झ या खनिजाचे कण इतके सांधले जातात की फोडताना भेग कणांना वळसा न घालता आरपार जाते. कठीणपणा ७, त्यामुळे सुरीच बोथट होते. लिंबू, व्हिनेगर यांचं त्यावर काही चालत नाही. कापताना कारागिराचा घाम निघतो, हे खरं. रूपांतरण अपुरं झालेला दगड तेलही पितो. त्याला सीलर हवाच.

खरी अडचण नावांची. 'सॉफ्ट क्वार्टझाइट' म्हणून विकला जाणारा दगड बऱ्याचदा डोलोमाइटी संगमरवर (कॅल्साइटच्या जागी डोलोमाइट हे त्याच्याच जातीचं खनिज असलेला) निघतो. (दुकानात नुसतं 'क्वार्ट्झ' म्हणतात तो तर रेझिनमध्ये, म्हणजे कृत्रिम राळेत, बसवलेला दगडाचा चुरा. गरम भांडं थेट ठेवलं तर त्यातलं रेझिन खराब होऊ शकतं.) म्हणून नमुन्याचा तुकडा मागा आणि त्याची धार काचेच्या बाटलीवर दाबून ओढा. क्वार्टझाइट काचेवर ओरखडा काढतो, संगमरवर काढत नाही. व्हिनेगरच्या थेंबावर विसंबू नका. डोलोमाइट पूड केल्याशिवाय फारसा फसफसत नाही.

रोज राबणाऱ्या ओट्याला मी क्वार्टझाइटच घेईन. संगमरवरात प्रकाश किंचित आत शिरून परततो, त्या मऊ उजेडाचा मोह मलाही आहे. पण तो बैठकीतल्या टेबलावर पुरवेन.