१९६८ची प्लिमथ रोड रनर : पैसा कुठे खर्चावा हे जाणणारी मोटार

अमेरिकी मसल कारचा, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या वेगवान मोटारींचा, विषय निघाला की मस्टँग, कॅमेरो आणि चार्जर ही नावे आधी घेतली जातात; माझ्या मते मात्र या परंपरेचे मर्म १९६८च्या प्लिमथ रोड रनरमध्ये सर्वांत स्वच्छ दिसते. मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांनी निगुतीने जपलेली अशी मोटार चालवायला मिळाली, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे.

१९६४मध्ये पॉन्टियाक जीटीओने मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे इंजिन बसवण्याची पद्धत लोकप्रिय केली. पण पुढच्या तीन-चार वर्षांत या वर्गातील मोटारींवर सजावट आणि सोयी चढत गेल्या आणि ज्या तरुणांसाठी त्या निघाल्या होत्या, त्यांच्याच आवाक्याबाहेर त्या जाऊ लागल्या. प्लिमथने आपल्याच बेल्व्हेडिअर या साध्या मोटारीचे शरीर घेतले, पुढे सलग बेंच सीट ठेवले, गालिच्याऐवजी रबरी मॅट अंथरली आणि वाचलेला पैसा इंजिन, गिअरबॉक्स व सस्पेन्शन यांवर लावला. मूळ किंमत होती २,८९६ डॉलर. पाव मैलाचे अंतर सुमारे १४ सेकंदांत आणि अखेरीस ताशी १०० मैलांचा वेग, हे अभियंत्यांपुढचे उद्दिष्ट होते. कॅलिफोर्नियातील हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या मोटारी वेगासाठी बदलणारे हौशी, १९३२च्या फोर्डचे मडगार्ड उतरवून आणि इंजिन सुधारून जे घरच्या गॅरेजात करत आले होते, तोच विचार इथे कारखान्यातून बाहेर पडला, म्हणून मला या मोटारीविषयी विशेष आदर वाटतो.

तिचे ३८३ घनइंचांचे, म्हणजे ६.३ लिटरचे व्ही-८ इंजिन ३३५ अश्वशक्तीचे आहे. ही त्या काळच्या ‘ग्रॉस’ मोजणीची, म्हणजे इंजिन मोटारीबाहेर एकटे चालवून मोजलेली, अश्वशक्ती असल्याने आजच्या आकड्यांशी तिची थेट तुलना करता येत नाही. परंतु कंपनीने ४४० घनइंचांच्या मोठ्या इंजिनाचे सिलिंडर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) यावर चढवल्याने त्याला आलेली ताकद ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच जाणवते. तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन फारसे न फिरवताही, ही लांबलचक मोटार ज्या सहजतेने पुढे झेपावते, ती सहजता अनुभवल्यावर आसनाच्या साधेपणाकडे लक्षही जात नाही. क्लच जड आहे, पण गिअर टाकताना हाताला जो ठामपणा लागतो तो मला फार आवडला.

वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर देऊन कार्टूनमधील पक्ष्याचे नाव आणि चित्र घेतले गेले, आणि ‘बीप-बीप’ करणारा हॉर्नही बसवला गेला. हा खर्च वायफळ नव्हता, कारण या स्वस्त मोटारीला त्यामुळे स्वतःची ओळख मिळाली. पहिल्याच वर्षी सुमारे ४५,००० गाड्या विकल्या गेल्या. ४२६ घनइंचांचे हेमी, म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे, इंजिन सुमारे ७०० डॉलर अधिक देऊन मिळत असे. संग्राहक आज त्याच्यासाठी अवाच्या सवा किंमत मोजतात, पण रस्त्यावर चालवण्यासाठी मी ३८३च निवडेन.

काटकसर जिथे खटकते ती जागा म्हणजे ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक ही मूळ रचना होती आणि पुढचे डिस्क ब्रेक वेगळे पैसे देऊन घ्यावे लागत. इतक्या वेगाच्या मोटारीत ते आधीपासूनच असायला हवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

विकत घेऊ इच्छिणाऱ्यांनी रंगापेक्षा ओळख क्रमांक आधी तपासावा. १९६८च्या रोड रनरचा क्रमांक कूपेसाठी (बाजूच्या खिडक्यांमध्ये खांब असलेली) ‘आरएम२१’ने आणि हार्डटॉपसाठी (तो खांब नसलेली) ‘आरएम२३’ने सुरू होतो, आणि त्यापुढील ‘एच’ हे अक्षर ३८३ इंजिन दर्शवते, तर ‘जे’ हे हेमी. साध्या बेल्व्हेडिअरवर पक्ष्याचे चित्र चिकटवून तयार केलेल्या प्रती बाजारात आहेत. त्या चालवायला वाईट नसतात, पण त्यांना अस्सल रोड रनरची किंमत देऊ नये.