व्हॅन गॉगचं ऊन, छपाईवाल्याच्या नजरेतून

माझा धंदा ऑफसेट छपाईचा. पिवळ्या शाईशी जन्माचं भांडण. म्हणून ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये ‘सूर्यफुलां’समोरची गर्दी सोडून मी शेतांकडे वळलो. ‘कापणी’ (जून १८८८) आणि ‘गव्हाचं शेत आणि कापणारा’ (सप्टेंबर १८८९). दोन्ही कॅनव्हास साधारण ७३ बाय ९२ सेंटिमीटरचे, दोन्ही दक्षिण फ्रान्सच्या उन्हातले. ऊन मात्र निरनिराळं.

‘कापणी’त सूर्य दिसतच नाही. आर्लजवळचं ला क्रोचं सपाट मैदान, मागे निळसर डोंगर, डावीकडे दूर माँमाजूरच्या मठाचे अवशेष, मधोमध एक निळी गाडी. आकाश हिरवट. उन्हाळा म्हटला की बहुतेक चित्रकार लाल-केशरी ओततात. व्हॅन गॉगने निळी गाडी उभी केली आणि तिच्यामुळे भोवतीचा पिवळा तापला. लांबूनच, हवेत बोट धरून ती गाडी झाकून बघा. शेत लगेच मवाळ होतं. त्या जूनमध्ये आठवडाभरात त्याने भर उन्हात कापणीची दहाएक चित्रं केली, ती वादळी पाऊस येईपर्यंत. मिस्त्राल, म्हणजे तिकडचा जोरदार थंड वारा, सुटला की ईझलचे, म्हणजे चित्र ठेवायच्या घोडीचे, पाय जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधायचा. असा माणूस उन्हाची खोटी तारीफ करणार नाही.

दुसऱ्या चित्रात सूर्य समोर आहे आणि सावलीला जागाच नाही. सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात त्याच्या खिडकीतून दिसणारं, भिंतीने वेढलेलं शेत. या कापणाऱ्याचं पहिलं चित्र त्याने १८८९च्या जूनमध्ये सुरू केलं, मग आजारपण आलं. म्युझियममधलं हे नंतर खोलीत बसून केलेलं. गहू जाड रंगात नुसता उसळतोय, कापणारा त्यात जवळजवळ बुडालाय. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात तो या माणसाला मृत्यूची प्रतिमा म्हणतो, पण लख्ख सोनेरी उजेडातली. पत्र माहीत नसलं तरी काही अडत नाही.

छापील प्रतींवर मात्र भरवसा ठेवू नका. चार शायांच्या ठिपक्यांत ते हिरवट आकाश एक तर भडक होतं नाहीतर मळकट, आणि रंगाची जाडी तर जातेच. एका दुकानातल्या पोस्टरवर पिवळा इतका चढवला होता की गाडी काळी दिसत होती! मूळ रंगाचीही गंमत आहे. त्याच्या आवडीचा क्रोम यलो म्हणजे शिशाचं क्रोमेट, उजेडाने तो तपकिरीकडे झुकतो. त्यामुळे दालनात दिवे मंद वाटले तर कुरकुर नको.

तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून आधीच घ्यावं लागतं. सकाळची पहिली वेळ घ्या. कापणाऱ्याचं चित्र समोरून झालं की बाजूने, तिरकं बघा, कुंचल्याच्या सऱ्या तेव्हाच उठून दिसतात. पण आधी ‘कापणी’ बघा. क्रम उलटा केलात तर तिच्यातलं ऊन थंड वाटतं.