पेन्शनच्या नावाखाली आईची जमीन लिहून घेतली

पेन्शनच्या कामाला सब-रजिस्ट्रारच्या, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवायच्या कचेरीत जावं लागत नाही. कर्नाटकातली म्हाताऱ्यांची संध्या सुरक्षा पेन्शन असो नाहीतर विधवा वेतन, अर्ज नाडकचेरीत, म्हणजे गावाजवळच्या महसूल कचेरीत द्यायचा. निपाणी, चिकोडी, खानापूर भागात ज्यांचे आईवडील एकटे आहेत त्यांनी एवढं तरी आजच त्यांच्या कानावर घाला.

माझी आई निपाणीजवळच्या खेड्यात राहत होती. वय बहात्तर. वडिलांनी तिच्याच नावावर घेतलेली दीड एकर तंबाखूची जमीन होती. मी दिलेली कागल तालुक्यात. अंतर थोडंच, पण राज्य दुसरं. एक दिवस धाकट्या भावानं आईला गाडीवरून सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नेलं. "पेन्शन बंद पडलीया आई, नवा कागद करायचा हाय. फोटो आन् अंगठा लागतोय." आई मराठी चौथी शिकलेली, कागद सगळा कानडी. साक्षीदार दोघंही भावाचेच मित्र. साहेबांनी कानडीत काहीतरी विचारलं, भाऊ शेजारून म्हणाला, "हौदु म्हण." आई म्हणाली, हौदु, म्हणजे हो.

पुढं सुगीचे पैसे तिच्या हातात आले नाहीत. मग वहिनीनं तिचं जेवण बंद केलं. सोसायटीत कर्जाची चौकशी करायला गेली तेव्हा सचिवानंच सांगितलं, "आक्का, उताऱ्यावर तुमचं नाव न्हाई." दस्ताची नक्कल काढून कानडी जाणणाऱ्या मास्तरांकडून वाचून घेतली. बक्षीसपत्र होतं. मुलावरच्या प्रेमापोटी, राजीखुशीनं जमीन दिली, असं लिहिलेलं. आईला सांभाळण्याबद्दल एक ओळ नाही. ती ओळ नाही म्हणूनच आमचं सगळं अडलं.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा केंद्राचा कायदा आहे. साठ वर्षांवरचं माणूस मुलांकडून पोटगी मागू शकतं, दरमहा दहा हजारांपर्यंत. त्याच्या २३ व्या कलमात असं आहे की, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर तो दस्त फसवणुकीनं झाला असं धरून रद्द करता येतो. आमच्याकडं हे न्यायाधिकरण म्हणजे चिकोडीचे प्रांत. त्यांनी कागद चाळून पहिलाच प्रश्न केला, "अट कुठं आहे?" सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलंय की अट असल्याचं दाखवावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र त्याच न्यायालयानं रद्द केलं आणि हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या बाजूनं वाचा असं सांगितलं. पण त्या मुलानं सांभाळीन असं वेगळं लिहून दिलेलं होतं. माझा भाऊ कशाला लिहून देईल!

तेव्हा प्रांतांकडून पोटगीचा हुकूम मिळाला, जमीन मिळाली नाही. ती फसवणुकीच्या मुद्द्यावर दिवाणी कोर्टात मागावी लागतेय. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. "जाऊ दे, पोटचाच हाय" म्हणत बसलेल्या कितीजणींची ही मुदत निघून जाते.

कचेरीबाहेर एक एजंट भेटला. "प्रांतसाहेब आपलेच, वीस हजार द्या, जमीन परत." तिथंही लोक फसतात. पोटगीच्या अर्जाला वकील लागतोच असं नाही. साध्या कागदावर अर्ज चालतो, आणि म्हातारं माणूस जाऊ शकत नसेल तर त्यानं नेमलेला माणूस किंवा संस्था तो देऊ शकते. आई आता माझ्याकडं असल्यानं पोटगी कागलच्या बाजूला, महाराष्ट्रातही मागता आली असती. राहत्या जिल्ह्यात अर्ज देण्याची सोय कायद्यातच आहे. जमीन आणि भाऊ तिकडं म्हणून आम्ही चिकोडी धरली. दिवाणी दाव्याला मात्र वकील हवा. तो आईला तालुका कायदा सेवा समितीकडून फुकट मिळाला, कारण बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. हे आम्हाला कोर्टातल्या शिपायानं सांगितलं, नातेवाइकांतल्या शिकलेल्यांनी नाही.

जमीन मुलाला द्यायचीच असेल तर मृत्युपत्र करा, ते जिवंतपणी केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्रच हवं असेल तर अन्न, औषधपाणी आणि राहायची जागा देण्याची अट दस्तातच लिहून घ्या. साक्षीदार एक तरी तुमच्या बाजूचा असू द्या, आणि अंगठ्याआधी कागद मराठीत समजावून घ्या, तोही ज्याला द्यायचंय त्याच्या तोंडून नव्हे. लांब राहणाऱ्या लेकींनो, आईच्या जमिनीचा सर्व्हे नंबर लिहून ठेवा. कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या 'भूमी' संकेतस्थळावर उतारा मोबाइलवरही बघता येतो. मारहाण किंवा उपासमार चालू असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिला पैसे पडत नाहीत.

भावानं मध्यंतरी जमिनीला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती. दावा निकाली निघेपर्यंत विकू नये म्हणून कोर्टाकडून मनाई घेतली आहे.