पबमेडचा रिव्ह्यू, मेडिकलच्या काउंटरच्या आतल्या बाजूनं

सांगलीत मेडिकल दुकान चालवायचं म्हणजे औषध देणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं काम म्हणजे गिऱ्हाइकानं मोबाइल पुढं सरकवून "हे खरं हाय का ओ?" विचारलं की उत्तर देणं. कुणाच्या फोनात हळदीनं कॅन्सर बरा झालेला असतो, कुणाला पुण्याच्या जावयानं वजन उतरायच्या इंजेक्शनची लिंक पाठवलेली असते, आणि खाली एक ओळ ठरलेली, "अमेरिकेतल्या संशोधनात सिद्ध". आता ते संशोधन खरंच झालंय का आणि झालं असलं तर त्यात नेमकं काय निघालं, हे बघायला मी बरीच वर्षं पबमेड वापरतोय, त्याचा हा रिव्ह्यू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या सरकारी नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही साइट, 1996 पासून चालू आहे, जगभरच्या मेडिकल जर्नलांमधल्या साडेतीन कोटींपेक्षा जास्त लेखांची नोंद आहे आणि बहुतेकांचा सारांश वाचायला मिळतो. फुकट. लॉगिन नको, ओटीपी नको, मधेच उड्या मारणारी जाहिरात नाही. पान एकदम साधं, सरकारी ऑफिसातल्या फॉर्मसारखं, त्यामुळं रेंज एक काडी असली तरी उघडतं.

वापरायची एक खुबी आहे ती आधी सांगतो, नाहीतर पहिल्याच दिवशी कंटाळून बंद कराल. स्ट्रिपवरचं ब्रँडचं नाव टाकू नका, आपल्याकडची ब्रँडची नावं तिथं सहसा सापडत नाहीत. स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव पण असतं ते टाका. आणि मग फिल्टर लावा, "रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल" (चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंटचे गट पाडून औषध आजमावणं) किंवा "मेटा-अॅनालिसिस" (अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब), फोनवर हे फिल्टर एका बटणामागं लपलेले असतात. फिल्टर न लावता कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) आणि कॅन्सर असं टाकलं की हजारोंनी लेख येतात आणि माणसाला वाटतं झालं, सिद्ध झालं, फिल्टर लावला की ढीग धाडकन खाली बसतो, कारण त्यातलं बरंचसं काम बशीतल्या पेशींवर नाहीतर उंदरांवर झालेलं असतं. उंदीर बरे झाले, चांगलं झालं, पण आपलं काय.

माझा ह्या साइटवर जीव का बसला ते सांगतो. 2021 च्या एप्रिल-मे मधले कोरोनाचे दिवस आठवा, बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्तातला प्लाझ्मा आजाऱ्याला चढवत होते, सांगली-मिरजेतल्या प्रत्येक ग्रुपवर "प्लाझ्मा अर्जंट, ओ पॉझिटिव्ह, पेशंट सिरियस" असे मेसेज, पोरं रात्री अकराला डोनर शोधत फिरतायत, नातेवाईक दुकानाच्या दारात रडकुंडीला आलेले. आणि पबमेडवर ऑक्टोबर 2020 पासून एक ट्रायल सगळ्यांना वाचायला मोकळी पडून होती. प्लॅसिड तिचं नाव, आपल्याच आयसीएमआरनं, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं केलेली, भारतातली 39 हॉस्पिटलं, 464 पेशंट, बीएमजे ह्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेली. निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर प्लाझ्मा, निम्म्यांना नुसता नेहमीचा उपचार. 28 दिवसांत आजार बळावला किंवा पेशंट दगावला असं प्लाझ्मावाल्यांत 19 टक्के, बाकीच्यांत 18 टक्के. फरकच नाही. सरकारी गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघाला तो मे 2021 मध्ये, म्हणजे सात महिन्यांनी. त्या सात महिन्यांत किती घरांनी कुणाकुणाचे पाय धरले असतील त्याची नोंद कुठल्या साइटवर नाही.

डेक्सामेथासोनचं उलटं. काही रुपयांचं जुनं स्टेरॉइड, ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या कोरोना पेशंटमधले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले. पण त्याच सारांशात, दोनच ओळी पुढं, हे पण लिहिलंय की ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. आपल्याकडं लोकांनी पहिला आकडा उचलला आणि पुढच्या ओळी सोडल्या, ताप आला की दुसऱ्या दिवशी "ती स्टेरॉइडची गोळी द्या" म्हणून दारात उभे, शुगरवाले पण.

म्हणून सारांश वाचायचा तर सगळा वाचायचा, आणि त्यात पण टक्क्याचे टक्के कुठले आणि खरे आकडे कुठले हे बघायचं. सध्याचं गाजतंय ते उदाहरण घ्या. सेमाग्लुटाइड, म्हणजे त्या वजन उतरायच्या इंजेक्शनातलं औषध, त्याबद्दल फॉरवर्ड फिरतो, "हार्ट अटॅक 20 टक्क्यांनी कमी". खोटं नाहीये ते. 2023 ची सिलेक्ट नावाची ट्रायल, 17,604 माणसं, सरासरी तीन वर्षांपेक्षा जास्त काळ बघितलेली. हार्टनं मृत्यू, अटॅक किंवा स्ट्रोक ह्यातलं काहीतरी एक झालं असे औषध न घेणाऱ्यांत 8 टक्के, घेणाऱ्यांत साडेसहा टक्के. म्हणजे शंभरात दीड माणूस वाचला. दीड कमी नाही हो, ज्याच्या घरातला तो दीड आहे त्याला विचारा, पण "20 टक्के" ऐकून जे चित्र डोक्यात येतं ते हे नव्हे. शिवाय ती सगळी माणसं 45 च्या पुढची, वजनदार, आधीच हार्टचा किंवा नसांचा आजार असलेली आणि डायबेटिस नसलेली. लग्नाआधी पाच किलो उतरवायचेत म्हणून विचारायला येणाऱ्या पोरीचा त्यात पत्ता नाही. आणि इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं, हे स्टेप-1 ह्या त्याच औषधाच्या वजनावरच्या ट्रायलच्या पुढच्या पाहणीत आलंय, ते कुठल्या फॉरवर्डमध्ये बघितलंय का तुम्ही?

व्हिटॅमिन डी बद्दल लिहिताना स्वतःच्याच पोटावर पाय देतोय, पण असो. व्हायटल ट्रायल, 25,871 माणसं, रोज 2000 युनिट, पाचेक वर्षं. कॅन्सर कमी नाही, हार्टचे प्रकार कमी नाहीत, आणि 2022 मध्ये आलं की हाडं मोडणं पण कमी नाही. ज्याच्यात खरोखर कमतरता निघालीय त्याची गोष्ट वेगळी, तो विषय डॉक्टरांचा, पण धडधाकट माणसानं शेजारी घेतो म्हणून सॅशे फोडायची गरज नाही. मी विकतो, मागितलं तर देतो, पण विचारलं तर हेच सांगतो.

आता जिथं हे खरंच कामाला आलं ते. आपल्या भागात तंबाखू-सुपारीचा मावा किती चालतो हे सांगायला नको, आणि मग तोंडाचे कॅन्सर घेऊन माणसं मिरजेला येतात. तासगावकडच्या एका पेशंटचा मुलगा इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी महागडी इंजेक्शनं) खर्च ऐकून दुकानात मटकन बसला होता. त्याला पाणी दिलं आणि पबमेडवर टाटा मेमोरियलची ट्रायल काढून दाखवली. निव्होलुमॅब हे त्यातलं इंजेक्शन नेहमी दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम देतात, ह्यांनी गोळ्यांच्या केमोबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं. डोक्या-मानेच्या पुढच्या स्टेजच्या कॅन्सरचे 151 पेशंट. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर 16.3 टक्के हयात, इंजेक्शनचा तो कमी डोस जोडल्यावर 43.4 टक्के. मी त्याला हे पण वाचून दाखवलं की जगण्याचा मधला आकडा, म्हणजे निम्मे पेशंट जिथंपर्यंत हयात होते तो काळ, साडेसहा-सात महिन्यांवरून दहा महिन्यांवर आला, म्हणजे बरं होणं नव्हे, वेळ वाढणं आहे. लेखाच्या नावाखाली पीएमआयडी म्हणून एक नंबर असतो, तो चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हटलं भावा, हा डॉक्टरांना दाखव, निर्णय त्यांचा. त्याचा संध्याकाळी फोन आला, डॉक्टर म्हणाले मी तेच सुचवणार होतो. तरी त्याला बरं वाटलं, आपण स्वस्तातलं म्हणून हलकं काहीतरी पत्करतोय असं वाटत होतं ते गेलं.

तक्रारी पण आहेत. पहिली, सारांश फुकट पण पूर्ण लेख बऱ्याचदा कुलपात, क्लिक केलं की जर्नल डॉलरमध्ये पैसे मागतं. जानेवारी 2025 पासून केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आहे, त्यात सरकारी कॉलेजांना हजारो जर्नलं मोकळी केलीत, आमच्यासारख्या दुकानदाराला काय त्याचं. "फ्री फुल टेक्स्ट" चा फिल्टर लावून मिळेल ते वाचायचं. दुसरी, पबमेडवर आहे म्हणजे चांगलंच आहे असं नाही, तिथं नोंद होते, पास-नापास होत नाही. मे 2020 मध्ये लॅन्सेट ह्या नावाजलेल्या जर्नलमध्ये कोरोनासाठी वापरलेल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ह्या मलेरियाच्या औषधावर मोठा लेख आला, जगभर गदारोळ झाला, आणि डेटाचाच पत्ता लागेना म्हणून जूनमध्ये मागं घेतला. तो अजून साइटवर आहे, पण वर मागं घेतल्याची ठसठशीत पट्टी लावलेली, हे मला आवडलं, झाकून ठेवत नाहीत. तिसरी, पैसे कुणी दिले आणि लेखकाचे कुणाशी संबंध आहेत ते सारांशाच्या खाली जाऊन उघडावं लागतं, ते खरं तर वर पाहिजे होतं. आणि इंग्रजी. बारावी सायन्सवाल्याला जमेल, पण माझ्या आईला नाही जमणार.

भारतात आत्ता चालू असलेल्या ट्रायल बघायच्या असतील तर मात्र सीटीआरआय, म्हणजे सरकारच्या ट्रायल नोंदवहीची साइट बघा, 2009 पासून आपल्याकडं ट्रायलची नोंद तिथं सक्तीची आहे. दिसायला किचकट आहे, त्याचा रिव्ह्यू वेगळा लिहावा लागेल.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कुलपांसाठी कापला. रोज उघडायची पण गरज नाही, खातं काढून विषयाचा अलर्ट लावला की नवीन आलेलं मेलवर येतं. मी ओरल सबम्यूकस फायब्रोसिसचा लावलाय, मावा खाऊन तोंड उघडेनासं होतं तो आजार. मेल येत राहतात, बऱ्याचशा ट्रायल बारक्या, कधी टोमॅटोतलं लायकोपीन, कधी हळदीचा अर्क, ज्यानं पोरांच्या हातातली पुडी सुटेल असं मात्र अजून काही आलेलं नाही.