कूलर नवा म्हणून विकला, आत दुसऱ्याच गिअरबॉक्सचा चुरा निघाला

ऑटोमॅटिक गाडीला जादा ट्रान्समिशन कूलर (गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी जाळी) घरीच बसवणार असाल, तर पाना हातात घेण्याआधी कूलरच्या तोंडात टॉर्च मारून बघा. मी बघितलं नाही. ‘कोरा, पेटीबंद’ म्हणून मला विकलेला कूलर मोडीत गेलेल्या गाडीचा होता, वरून काळा रंग मारलेला.

ट्रेलर ओढताना चढावर माझ्या गाडीचं ट्रान्समिशन ऑइल, म्हणजे गिअरबॉक्समधलं ऑइल, फार तापायचं. हे ऑइल ८०-९० अंश सेल्सिअसला बरं राहतं. १२०च्या पुढे गेलं की झपाट्याने खराब होतं, काळं पडतं, करपल्यासारखा वास येतो. गाडीचा मूळ कूलर रेडिएटरच्याच टाकीत होता; तिथलं पाणीच तापलेलं असेल तर तो ऑइल किती थंड करणार? म्हणून एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, ऑइल गिअरबॉक्सकडे परत नेणाऱ्या पाइपवर, दुसरा कूलर जोडला. काम एका दुपारात झालं. त्याआधी गिअरबॉक्सच्या तळाचं चेंबर उघडून ऑइल आणि फिल्टर बदलले होते. जुनं ऑइल लालसर होतं, चेंबरमधल्या चुंबकावर नेहमीचा पातळ राखाडी थर; म्हणजे तोवर गिअरबॉक्स ठीक होता. एवढं पाहून ठेवलं होतं म्हणूनच पुढचा उलगडा झाला.

तीन आठवड्यांत गिअर उशिरा पडू लागले. मग इंजिन नुसतंच रेस व्हायचं, गाडी पुढे सरकेना. चेंबर पुन्हा उघडलं तर तळाला चमकणारे कण आणि फिल्टर गाळाने गच्च. पंपाला ऑइल ओढता येईना, दाब पडला आणि क्लच घसरून जळाले. कूलर काढून हॅक्सॉने उभा कापला. पत्र्यांच्या फटींत पितळी कण, क्लचच्या अस्तराचा काळा लगदा, घट्ट बसलेला. गिअरबॉक्स फुटलेल्या गाडीचा कूलर कधीच पुन्हा वापरू नये, कारण एकावर एक पातळ पत्रे रचलेल्या कूलरमधून हा गाळ धुऊनही पूर्ण निघत नाही. हे विक्रेत्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. रंगाखाली जुन्या ब्रॅकेटच्या खुणा होत्या.

सोबतचा होज, म्हणजे जोडणीचा लवचिक पाइपही खोटा होता. त्यावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. हीटरच्या पाण्याचा रबरी पाइप होता तो. ऑइल लागून मऊ पडला, फुगला आणि क्लॅम्पपाशी पाझरू लागला.

विक्रेता आधी म्हणाला, “बसवलेला माल परत घेत नाही.” नंतर म्हणाला, “तुम्हीच पाइप उलटे जोडले असतील.” पाइप उलटे जोडल्याने ऑइल उलट दिशेने वाहील, धातूचा चुरा कुठून येईल?

कृपा करून एवढं करा. पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा. दोन्ही तोंडांना टोपणं आहेत का, आट्यांवर पान्याचे ओरखडे आहेत का, आत जुन्या ऑइलचा वास येतो का, ते पाहा. थोडं स्वच्छ ऑइल एका तोंडातून ओतून दुसऱ्याखाली पांढरं फडकं धरा. एक कण जरी दिसला तरी कूलर गाडीला लावू नका. होजवर तो ट्रान्समिशन ऑइलसाठी असल्याचं छापलेलं हवंच.

कापलेले तुकडे आणि तो फिल्टर मी जपून ठेवलेत, तक्रारीला त्यांचे फोटो जोडलेत. पैसे अजून परत आलेले नाहीत. विक्रेत्याची जाहिरात मात्र आजही चालू आहे, आणि तिच्यातला फोटो खरोखरच्या नव्या कूलरचा आहे.