घोडबंदरचं केअर सेंटर आणि बाबांची फाईल

बाबांना मेंदूत रक्तस्राव झाला, दीड महिना हॉस्पिटल, मग गळ्याला ट्रॅकी (श्वासासाठी गळ्याला भोक पाडून बसवलेली नळी) आणि नाकात जेवणाची नळी घेऊन डिस्चार्ज. आमचं घर कळव्याला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पुढे एका सेंटरमध्ये ठेवलं. महिना ५५ हजार, डिपॉझिट ६० हजार, डायपर औषधं वेगळी. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, दादा आमच्याकडे प्रत्येक पेशंटचा वेगळा केअर प्लॅन असतो, चोवीस तास जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स. मी पण भुललो, त्यात दोन रात्री झोप नव्हती.

भेट फक्त रविवारी ४ ते ५, कारण म्हणे इन्फेक्शन होतं. रविवारी बाबा पावडर लावून, चादर गळ्यापर्यंत ओढून झोपलेले दिसायचे. चादर उचलून बघायचं सुचलं नाही, हे माझंच चुकलं.

एका बुधवारी न सांगता सकाळी ११ ला गेलो. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, त्याचा चार्ट बेडला लटकवलेला. त्यावर दुपारी ४ पर्यंतच्या सह्या झालेल्या!! मग फाईल मागितली. त्यात लिहिलेलं, जेवणाआधी इन्शुलिन, तोंडाने मऊ भात. बाबांना आयुष्यात शुगर नाही आणि नळीवरच्या माणसाला तोंडाने भात दिला तर तो थेट फुफ्फुसात जाऊ शकतो. दुसऱ्या कोणाची तरी झेरॉक्स, वर फक्त बाबांचं नाव. पाठ वळवली तर माकडहाडावर लिंबाएवढी जखम. सिस्टर म्हणून जी होती तिला नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला, ती मॅडमकडे बघायला लागली.

सेंटरच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या सर्टिफिकेटचा फोटो मी ॲडमिशनच्या दिवशीच काढलेला, वाचला तेव्हा नाही. तो साधा दुकानाचा गुमास्ता परवाना निघाला. १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी वेगळी असते, ठाण्यात ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडून मिळते, तीच मागा. आणि पहिल्या आठवड्यात एकदा तरी अचानक जा, जेवणाच्या वेळी नाही तर रात्री, आत सोडलं नाही तर तिथेच काय ते समजा.

त्याच दिवशी ॲम्ब्युलन्स बोलावून घरी आणलं, स्ट्रेचर तीन जिने चढवायला खालच्या पोरांनी हात लावला. आता ताई ऐरोलीहून येते, रात्र मी काढतो, ड्रेसिंगला ब्रदर (पुरुष नर्स) येतो. जखम भरत आलीये. डिपॉझिट मागितलं तर मॅडम म्हणतात नोटीस पिरियड पाळला नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार टाकलीये, ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या केसला फी लागत नाही, कागद गोळा करतोय. चार्टचा फोटो आहे माझ्याकडे, सह्यांसकट.